वाचकांचे प्रश्न : दोघांची इंग्लंडवारी, कंपनीच्या टूरशिवाय

या वेळची बहुतेक पत्रं वडोदऱ्याहून आली आहेत. टूर कंपनीच्या बसमध्ये न बसता नवरा-बायको दोघांनीच उन्हाळ्यात इंग्लंडमधली शहरं पाहायची तर आखणी कशी करावी, हा त्यांतला मुख्य प्रश्न. म्हणून हे पान पूर्णपणे त्यालाच दिलं आहे.

आम्ही दोघं, वयं ६२ आणि ५८. जूनमध्ये बारा रात्री हाताशी आहेत. यादीत लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज, बाथ, ब्रिस्टल, यॉर्क, लिव्हरपूल, मँचेस्टर अशी आठ शहरं आहेत. प्रत्येकाला दीड दिवस दिला तर जमेल ना? (दांडिया बाजार, वडोदरा)

जमेल, पण सुटी बॅगा भरण्यात जाईल. मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. हॉटेल सकाळी दहा-अकराला खोली रिकामी करून घेतं, पुढच्या हॉटेलात दुपारी दोन-तीनच्या आत खोली मिळत नाही, आणि मधले तास सामान ओढत काढावे लागतात. तेव्हा शहरांपेक्षा मुक्काम कमी करा आणि उरलेली शहरं रिकाम्या हातानं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी पाहा.

लंडनला पाच रात्री, बाथला दोन, यॉर्कला तीन, लिव्हरपूलला दोन. ऑक्सफर्ड लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून तासाभरावर आहे, केंब्रिज किंग्ज क्रॉसवरून साधारण पन्नास मिनिटांवर. दोन्हींचा हट्ट नको. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत केंब्रिजमध्ये परीक्षांचा हंगाम असतो आणि बरीच कॉलेजं त्या काळात पाहुण्यांना आत घेत नाहीत. ऑक्सफर्डलाही निघण्यापूर्वी त्या-त्या कॉलेजच्या वेळा बघाव्या लागतात, पण तिथलं ॲशमोलियन हे १६८३ साली सुरू झालेलं संग्रहालय विनामूल्य आहे, त्यामुळे फेरी वाया जात नाही. बाथहून ब्रिस्टल पंधरा मिनिटांवर. ब्रिस्टलहून यॉर्कला बर्मिंगहॅममार्गे थेट गाडी आहे, चार तासांच्या आसपास लागतात. हा तुमचा सर्वांत लांबचा टप्पा. यॉर्कहून लिव्हरपूल थेट गाडीनं दोन तासांच्या आसपास, आणि लिव्हरपूलहून मँचेस्टर तासाच्या आत.

परतीचं विमान मँचेस्टरहून घ्या. जाताना मुंबई-लंडन आणि येताना मँचेस्टर-मुंबई असं तिकीट विमान कंपन्यांच्या साइटवर ‘मल्टी सिटी’ या पर्यायात निघतं. लंडनला उलटं जाण्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचतं. मँचेस्टर विमानतळाला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे.

जून निवडलात हे उत्तम केलंत. तिथल्या शाळांची उन्हाळी सुटी जुलैच्या शेवटी लागते आणि मग हॉटेलांचे भाव चढतात. मे महिन्यात पहिला आणि शेवटचा सोमवार सार्वजनिक सुटीचा, तेव्हा गर्दी होते. जूनमध्ये लंडनला सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमाराला मावळतो. यात एक फसगत ठरलेली आहे: उजेड बघून माणूस फिरत राहतो, आणि जेवायला जावं तर नऊच्या सुमाराला पबमधलं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. घड्याळ बघून जेवा.

यॉर्कला तीन रात्री जास्त वाटतील, पण त्यातला एक दिवस डरॅमला द्या. गाडीनं पाऊण तास. तिथलं कॅथेड्रल पाहायला तिकीट नाही. यॉर्क मिन्स्टर या यॉर्कमधल्या कॅथेड्रलला तिकीट आहे, आणि ते पूर्ण वसूल होतं ते पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीमुळे. १४०५ ते १४०८ या काळात जॉन थॉर्नटन या कारागिरानं केलेलं हे रंगीत काचकाम टेनिस कोर्टाएवढं मोठं आहे. खालच्या चौकटी डोळ्यांनी दिसतात, वरच्या मात्र इतक्या उंच आहेत की दुर्बीण नसेल तर नुसता रंग कळतो, चित्र कळत नाही. छोटी दुर्बीण पिशवीत ठेवाच. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून ही खिडकी सकाळी बघावी. संध्याकाळची गायन-प्रार्थना ऐकायला कुणालाही पैसे पडत नाहीत, आणि दगडी छताखाली ते सूर कसे फिरतात हे ऐकण्यासारखं आहे. मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर त्याऐवजी शहराच्या तटावरून चाला. तट जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे, फुकट आहे, आणि हवं तिथे उतरता येतं. तटाच्या आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, एवढं लक्षात असू द्या.

बाथच्या रोमन स्नानगृहाबद्दल एक आधीच सांगून ठेवतो: तिथे स्नान करता येत नाही, पाण्याला हातही लावू देत नाहीत. जमिनीतून ४६ अंशांचं पाणी येतं. ते हिरवं दिसतं ते शेवाळामुळे, कारण रोमन काळातलं छप्पर आता नाही आणि ऊन थेट पाण्यावर पडतं. खांबांच्या पायथ्यापासून खालचं रोमन आहे, वरचा सज्जा नि पुतळे एकोणिसाव्या शतकातले. हे माहीत असलं की कशाकडे निरखून बघायचं ते कळतं. त्याच झऱ्याच्या गरम पाण्यात उतरायचं असेल तर गावात वेगळं आधुनिक स्नानगृह आहे.

ट्रेनची तिकिटं इथूनच काढावीत की तिथे? एकाच गाडीची तीन-तीन भाडी दिसतात. (मांजलपूर, वडोदरा)

‘ॲडव्हान्स’ म्हणजे ठरलेल्या एकाच गाडीचं तिकीट, सर्वांत स्वस्त, आणि गाडी चुकली की संपलं. मध्ये उतरून गाव बघून पुढे जाणंही त्यात चालत नाही. ‘ऑफ-पीक’ गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालतं. ‘एनीटाइम’ कधीही चालतं आणि अंगावर येईल इतकं महाग असतं. ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. लांबच्या टप्प्यांना, म्हणजे लंडन-बाथ, ब्रिस्टल-यॉर्क आणि यॉर्क-लिव्हरपूलला, ती आधी काढा. बाथ-ब्रिस्टलसारख्या पंधरा मिनिटांच्या फेरीला ऐनवेळी काढलेलं चालतं. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर बुकिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत; काही मध्यस्थ साइट घेतात.

दोघांच्या प्रवासाला ‘टू टुगेदर’ हे रेलकार्ड घ्या. वर्षाला एकच कार्ड, दोघांची नावं आणि दोघांचे फोटो, आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. लंडनहून यॉर्क-लिव्हरपूलपर्यंत जाणार असाल तर कार्डाची किंमत एक-दोन टप्प्यांत वसूल होते. अटी मात्र कडक आहेत. दोघं एकाच गाडीत बरोबर असायला हवेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. शनिवार-रविवारी वेळेचं बंधन नाही. कार्ड मोबाइलमध्ये असेल आणि मोबाइलची बॅटरी संपली तर तुमच्याकडे वैध तिकीट नाही असंच धरतात. पॉवर बँक खिशात हवी.

साठी ओलांडलेल्याला ‘सीनियर’ कार्ड मिळतं, पासपोर्ट दाखवून परदेशी माणसालाही मिळतं, पण जोडीदार साठीच्या आत असेल तर त्याला त्याचा उपयोग नाही. वरच्या पत्रातल्या जोडप्यानं म्हणून टू टुगेदरच घ्यावं.

लंडनच्या मोठ्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटण्याच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी फलकावर येतो. तो येईपर्यंत फलकाखाली उभं राहावं लागतं आणि आला की सगळी गर्दी एकदम हलते. दारं सुटण्याच्या वेळेच्या आधीच बंद होतात, त्यामुळे धावत जाऊन पकडण्याचा इथला हिशेब तिथे चालत नाही. रविवारी रुळांची कामं काढतात आणि मधल्या टप्प्यात बस देतात. लांबचा प्रवास रविवारी ठेवू नका. गाडीला उशीर झाला तर भरपाई मिळते, अनेक कंपन्यांत १५ मिनिटांपासूनच. तिकीट जपून ठेवा आणि २८ दिवसांत अर्ज करा.

व्हिसासाठी कधीपासून लागावं? खात्यात किती रक्कम दाखवावी? (अलकापुरी, वडोदरा)

प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. बोटांचे ठसे नि फोटो दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. वडोदऱ्याच्या लोकांना अहमदाबादचं केंद्र जवळ. युरोपचा शेंगेन व्हिसा इंग्लंडला चालत नाही. पती-पत्नीचे अर्ज वेगळे आणि फी वेगळी.

रकमेचा एक ठरलेला आकडा नाही. पाहिलं जातं ते हे, की पैसा नियमित येतो का आणि सहलीचा खर्च त्या उत्पन्नाला शोभतो का. अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून चार-पाच लाख आणून खात्यात टाकणं हे नकाराचं नेहमीचं कारण आहे. पैसा तुमचा आहे हे त्यातून दिसत नाही. मुदत ठेव मोडून टाकली असेल तर ठेवीची पावती आणि मोडल्याची नोंद सोबत जोडा. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं, पेन्शनचा किंवा नोकरीचा कागद, आयकर विवरण, घराचे कागद पुरेसे होतात. खर्च एकजण करणार असेल तर त्याची स्टेटमेंटं दुसऱ्याच्या अर्जातही लावायची, हे बरेच जण विसरतात. विवाहनोंदणीचा दाखला गुजराती असेल तर भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख नि संपर्क असायला हवा.

क्रम असा ठेवा: रद्द करता येतील अशी हॉटेलं, मग व्हिसा, आणि व्हिसा हातात आल्यावरच पैसे परत न मिळणारी ट्रेनची नि विमानाची तिकिटं.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नाही. दोन आठवडे कसे निघतील? (रावपुरा, वडोदरा)

निघतील, आणि चांगले निघतील. बहुतेक हॉटेलांत शाकाहारी पदार्थांना खूण असते. अंडं-दूध नसलेल्या पदार्थांसाठी ‘व्हीगन’ लिहिलेलं बघा. सावध राहायचं ते यॉर्कशायरमध्ये. तिथल्या बऱ्याच जुन्या दुकानांत बटाट्याच्या चिप्स गाईच्या चरबीत तळतात; फलकावर ‘बीफ ड्रिपिंग’ असं अभिमानानं लिहिलेलं असतं. नुसते बटाटे म्हणून घेऊ नका, कशात तळले ते विचारा. तेलात तळणाऱ्या दुकानातही बहुधा मासे त्याच कढईत असतात. काही चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या जठरातलं द्रव्य, असतं, म्हणून पाकिटावर शाकाहारींसाठी योग्य असं लिहिलेलंच घ्या.

लंडनला युस्टन स्टेशनच्या बाजूलाच ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी उपाहारगृहं आहेत. मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, बहुधा दहा ते चार किंवा अकरा ते पाच. रविवारी संध्याकाळचं सामान दुपारीच आणून ठेवा. खोलीत किटली जवळजवळ सगळीकडे मिळते, त्यामुळे गरम पाण्यात होणारा उपमा-पोहे सोबत असला की सकाळची चिंता नाही. लीलो चेवडो, भाकरवडी, चकली खुशाल न्या. दूध, तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्याला तिथे बंदी आहे.

महूला जन्मलेल्या बाबासाहेबांचं लंडनमधलं घर पाहायचं आहे. जाता येतं का? (इंदूर)

येतं. १० किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिलजवळ. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये हे घर विकत घेऊन स्मारक केलं. नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. हे रहिवासी गल्लीतलं साधं घर आहे, म्हणून उघडण्याच्या वेळा आधी बघून जा आणि गल्लीत आवाज करू नका. या घराला वडोदऱ्याचाही धागा आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, तिथून लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ मध्ये अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. या घरातला काळ हा तो अर्धा अभ्यास पुरा करायला परत आल्यानंतरचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली.

ब्रिस्टलला गेलात तर आर्नोस व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी पाहा. १८३३ मध्ये ते ब्रिस्टलला वारले. द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली ही छत्री ओळखायला फलक लागत नाही.

कार्ड चालतं का, की पौंड न्यावेत? प्लगचं काय? (कारेलीबाग, वडोदरा)

थोडेच पौंड न्या. बरीच दुकानं रोख घेतच नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ हे दोन्ही पर्याय चालू करा. यंत्रानं रुपये की पौंड विचारलं तर पौंड निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. लंडनच्या मेट्रोत प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. आत जाताना लावलेलंच कार्ड बाहेर पडताना लावायचं, नाहीतर सर्वांत जास्त भाडं कापलं जातं. मोबाइल आणि त्याच खात्याचं कार्ड ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं. बसमध्ये फक्त चढताना लावायचं.

ऑनलाइन तिकीट काढताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तिथलं सिम घातलंत तरी भारतीय सिम रोमिंगसह फोनमध्ये चालू राहू द्या.

प्लग तीन चौकोनी पिनांचा. वीज २३० व्होल्टच, म्हणून नुसता अडॅप्टर पुरतो. भिंतीवरचं बटण दाबल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. न्हाणीघरातलं सॉकेट दाढीच्या यंत्रापुरतं असतं. एसी आणि पंखा मात्र हॉटेलला विचारून घ्या. मध्यम दराच्या खोल्यांत दोन्ही नसतात, खिडकी चार बोटं उघडते, आणि ऊन तापलं की वडोदऱ्याच्या माणसालाही झोप लागत नाही.