वाचकांचे प्रश्न : डाएटिशियन व्हायचंय, इंटर्नशिप कुठे करू?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची. एमएस्सी फूड अँड न्यूट्रिशनचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, पुढे आरडीची परीक्षा द्यायचीये. त्यासाठी हॉस्पिटलमध्ये ६ महिने इंटर्नशिप लागते असं आमच्या मॅडम म्हणाल्या. बाबांच्या ओळखीत एकांचं वेट लॉस क्लिनिक आहे, ते म्हणतात आठवड्यातून दोनदा ये, सर्टिफिकेट देऊन टाकतो. घरच्यांना हेच बरं वाटतंय, पुण्या-मुंबईला राहायचा खर्च वाचतो ना. आणि तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून लोक इन्स्टावर न्यूट्रिशनिस्ट म्हणून कमावतायत, मग तुलाच एवढा खटाटोप कशाला, हे रोज जेवताना ऐकते. काय सांगू घरी?

उत्तर : अगं, आधी सर्टिफिकेटचं सांगते. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन ही नोंदणी इंडियन डाएटेटिक असोसिएशन देते, आणि त्यांना इंटर्नशिप हॉस्पिटलमधलीच हवी असते, तीही तिथल्या डाएटिशियनच्या देखरेखीखाली केलेली. वेट लॉस क्लिनिकचा कागद तिथे चालणार नाही, म्हणजे खर्च वाचला असं वाटेल आणि वर्ष जाईल. हॉस्पिटल ठरवायच्या आधी असोसिएशनची या वर्षीची पात्रता नीट वाच, शंका असेल तर त्यांना मेल टाकून लेखी उत्तर घे, तोंडी माहितीवर राहू नकोस.

पण समज कागद चालला असता, तरी मी तुला नकोच म्हटलं असतं. क्लिनिकमध्ये येतो तो चालता-बोलता माणूस, त्याला वजन कमी करायचंय एवढंच. हॉस्पिटलमध्ये तुला डायलिसिसवरचा पेशंट दिसेल, ज्याची भाची प्रेमाने रोज नारळपाणी घेऊन येते. कारण आजारी माणसाला नारळपाणी द्यायचं हे आपल्याकडे लहानपणापासून ठरलेलंच. आता एका ग्लासात पोटॅशियम जवळपास ५००-६०० मिलिग्रॅम आणि अशा बऱ्याच पेशंटना दिवसभराचं मिळून २०००-२५०० च्या आसपास ठेवायला सांगतात, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेतू शकतं. हे पुस्तकात असतंच, तू पाठही केलं असशील. पण त्या भाचीला न दुखावता, तिने आणलेला ग्लास बाजूला ठेवून, त्याऐवजी काय आणायचं ते तिला पटेल असं सांगायचं कसं, हे तुझ्या सीनियरला सांगताना बघितल्याशिवाय येत नाही. पहिल्यांदा तू सांगशील तेव्हा सीनियर बाजूला उभी हवी. देखरेख म्हणजे हेच. सही नव्हे.

हिस्ट्री घेण्याचं, म्हणजे पेशंट रोज काय-किती खातो ते विचारून घेण्याचंही तसंच आहे. पेशंटला विचारलं की तेल किती खाता, तर प्रत्येक जण म्हणतो, अहो अगदी कमी, नावाला. अनुभवी डाएटिशियन असं विचारतच नाही. ती विचारते, घरात माणसं किती, आणि महिन्याला तेलाचे डबे-पिशव्या किती येतात. चार माणसांत ५ किलो म्हटलं की माणशी दिवसाला ४० ग्रॅमच्या वर गेलं, बाहेरचं वडापाव-फरसाण वेगळंच, आणि मग पेशंटच आपणहून म्हणतो, अरे हो की. ही युक्ती मी माझ्या सीनियरकडून उचलली, आता माझ्या इंटर्न्स माझ्याकडून उचलतात.

हॉस्पिटल शोधताना नाव बघू नकोस, फोन करून विचार की इंटर्नला आयसीयू, डायलिसिस, लहान मुलांचा वॉर्ड सगळीकडे फिरवतात का, किचन स्वतःचं आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंटर्नने लिहिलेली नोट रोज कोणी वाचतं का. शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला तर दुसरं हॉस्पिटल बघ, मग ते कितीही मोठं असू दे. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी नसतो किंवा नावापुरता असतो, काही जागी उलट फी घेतात, ते घरी आधीच स्पष्ट सांग म्हणजे नंतर वाद नकोत.

आणि घरच्यांना आणखी एक सांग. २०२१ साली केंद्राचा कायदा आलाय, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, त्याच्या यादीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत, आणि हेल्थकेअर प्रोफेशनलच्या पदवीला किमान ३६०० तासांचं शिक्षण धरलंय. २०२५ मध्ये यूजीसीने न्यूट्रिशन-डाएटेटिक्ससारखे कोर्स डिस्टन्सने आणि ऑनलाइन चालवायला बंदी केली. म्हणजे वारं कुठल्या दिशेला आहे ते बघा म्हणावं. असोसिएशन ही सरकारी संस्था नाही, व्यावसायिकांची संघटना आहे, पण मोठी हॉस्पिटलं आज नोकरी देताना आरडी विचारतात हे खरंय. तीन महिन्यांच्या कोर्सवाल्यांचं मला खरंच टेन्शन येतं, शुगर-बीपी-किडनी सगळं एकत्र असलेला माणूस त्यांच्याकडे गेला तर त्याला हाय प्रोटीन चार्ट मिळतो आणि पुढे तो आमच्या वॉर्डात येतो.

प्रश्न : ताई नमस्कार, मी एका मोठ्या हॉस्पिटलात इंटर्न आहे. आल्यापासून किचनमध्येच उभं केलंय. ट्रे कार्ड लावा, ट्रॉलीबरोबर जा, उरलेलं किती ते लिहा. आयसीयूचं तोंडही बघितलं नाही. हे काम मावशीसुद्धा करू शकतात. सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस गं, पण सहा महिने तिथेच ठेवणार असतील तर मात्र बोलायला हवं, त्याचं खाली सांगते.

किचनचं आधी. चार्टवर आपण लिहितो एक वाटी वरण, ३० ग्रॅम डाळ, ७ ग्रॅम प्रोटीन. आता तू ट्रॉलीबरोबर जातेस तर एकदा नीट बघ, वरणाचं पातेलं निघालं की डाळ खाली बसते, वाढणारा वरवरचा डाव घेतो, पहिल्या वॉर्डला पाणी जातं आणि शेवटच्या वॉर्डला घट्ट गोळा. पहिल्या वॉर्डातल्या ऑपरेशन झालेल्या आजीला कागदावर ७ ग्रॅम मिळाले, पोटात कदाचित ३ सुद्धा गेले नाहीत. आणि आठवड्याने डॉक्टर विचारणार, जखम का भरत नाहीये. हे आयसीयूत बसून कधीच कळलं नसतं. तसंच रीनल डाएटची, म्हणजे किडनीच्या पेशंटची भाजी, कापून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं की पोटॅशियम कमी होतं हे तुला माहितीये, पण आचाऱ्याने नंतर त्यात सगळ्यांसाठीची टोमॅटोची ग्रेव्ही घातली तर काय उपयोग? उभी राहून बघ. आचाऱ्यांशी गोडीने वाग, त्यांना अहो-जाहो कर, त्यांच्या हातात तुझे निम्मे पेशंट आहेत.

उरलेलं लिहायचं काम मावशी करू शकतात म्हणतेस, पण ट्रे का परत आला हे कोण विचारणार? कवळी घरी राहिली म्हणून, तोंड आलंय म्हणून, उपास आहे म्हणून, सिस्टरने एनपीओ, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं आणि टेस्ट पुढे ढकलली म्हणून. तू विचार आणि कार्डावर लिही.

पुढे आयसीयूत गेलीस की हीच सवय उपयोगी पडेल. ६० किलोच्या पेशंटला किलोमागे २५ कॅलरी धरून १५०० कॅलरी, प्रोटीन किलोमागे १.२ ग्रॅमने ७२ ग्रॅम, नळीतून फीड दर दोन तासांनी, हा हिशोब कोणीही करेल. पण सीटी स्कॅनला नेलं म्हणून दोन फीड गेले, उलटी झाली म्हणून एक थांबवला, रात्रीचा राहूनच गेला, तर इनटेक-आउटपुट चार्टवर जे मिलिलिटर आहेत तेच खरे, तुझ्या नोटमधले नाहीत. रोज सकाळी पहिल्यांदा तो चार्ट बघायचा.

आता बोलायचं ते. तुझं रोटेशनचं, म्हणजे कुठल्या विभागात कधी जायचं त्याचं वेळापत्रक लेखी माग. भांडू नकोस, मॅडम, मला क्लिनिकलला कधीपासून घ्याल, तोवर किचनमध्ये काय पूर्ण करू, असं विचार. महिन्याभरात काहीच हललं नाही तर कॉलेजच्या को-ऑर्डिनेटरला मध्ये घे. आणि लॉगबुक रोजच्या रोज भर, पंधरा दिवसांचं एकदम भरायला बसलीस की सगळे पेशंट सारखेच वाटायला लागतात.

प्रश्न : नमस्कार ताई, एसएनडीटीमधून एमएस्सी केलंय, लग्नानंतर न्यू जर्सीत आहे. इथे भारतातलं आरडी चालत नाही म्हणतात. सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल का?

उत्तर : थेट चालत नाही हे खरं, पण सगळं पहिल्यापासून नाही. आधी तुझ्या पदव्यांचं मूल्यांकन तिथल्या मान्यताप्राप्त एजन्सीकडून करून घे. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या परीक्षेला बसायला मास्टर्स लागतं, त्यामुळे तुझं एमएस्सी समकक्ष धरलं गेलं तर मोठा टप्पा सुटला. मग एखाद्या मान्यताप्राप्त कॉलेजकडून कुठले विषय कमी पडतात ते कळतं, बहुतेकदा तिथली फूड सर्व्हिस मॅनेजमेंट आणि मेडिकल न्यूट्रिशन थेरपी, तेवढे पूर्ण केले की ते कॉलेज व्हेरिफिकेशन स्टेटमेंट, म्हणजे तसा दाखला देतं. त्यानंतर देखरेखीखाली किमान १००० तासांची प्रॅक्टिस, आणि मग परीक्षा, कॉम्प्युटरवर, १२५ ते १४५ प्रश्न. इंटर्नशिपला फी असते आणि पगार सहसा नसतो, तेव्हा घरात पैशाचं आधी बोलून घ्या. लहान मूल असेल तर डिस्टन्सची इंटर्नशिप बघ, त्यात थिअरी घरून आणि जवळच्या हॉस्पिटलात प्रिसेप्टर, म्हणजे आपल्यावर देखरेख करणारा डाएटिशियन, आपणच शोधायचा असतो, आपल्याकडच्या वॉर्डात काम केल्याचा अनुभव त्यांना मेलमध्ये पहिल्याच ओळीत लिही. आणि आत्ताच करायचं काम म्हणजे युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद मागव आणि त्या वर्षांचा सिलॅबसही मिळव, कारण विषयाच्या नुसत्या नावावरून तिकडे कोणी सूट देत नाही आणि इकडून कागद निघायला महिने जातात, भाऊ-बहीण कोणी मुंबईत असेल तर त्यांनाच खिडकीवर पाठव.