आपल्याकडे 200 सागरी मैलांपर्यंत हक्काचा समुद्र असताना खोल समुद्रातली मासेमारी का वाढली नाही?

उरणजवळ करंजाला आमच्या काकांचा ट्रॉलर (जाळं ओढत मासे धरणारी बोट) आहे आणि त्याच्या डिझेल-बर्फाचा हिशेब बरीच वर्षं मी लिहितोय. त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशेबाच्या वहीतून येणार.

हक्क 1976 च्या कायद्याने मिळाला. पहिले 12 मैल राज्यांचे, पुढचे केंद्राचे. मग मोठे ट्रॉलर आले, विशाखापट्टणम त्यांचं मुख्य बंदर. खोल समुद्राच्या नावाने आलेले हे ट्रॉलर लागले मात्र कोळंबीच्या मागे, कारण पैसा तिथे होता. कोळंबीच्या जागा मोजक्या, बोटी जास्त, कर्जं बुडाली. 1991 च्या धोरणाने परदेशी कंपन्यांशी भागीदारीची दारं उघडली, तेव्हा देशभरचे मच्छीमार संपावर गेले. अखेर या धोरणाचा फेरविचार करायला केंद्राने नेमलेल्या मुरारी समितीने 1996 मध्ये असले परवाने रद्द करायला सांगितलं. माझ्या मते ते योग्यच झालं.

पण कुपा (टूना) धरायचा कोणी? बोट लांब जाते हो, प्रश्न परतण्याचा आहे. गळाला लागलेला पिवळ्या पंखांचा कुपा झगडतो आणि त्याचं अंग तापतं. तो वर घेतल्याबरोबर मारून, रक्त काढून, आतडी साफ करून बर्फाच्या गार पाण्यात घातला नाही तर मांस भुरकट पडतं. मग जपानी ग्राहकाच्या ताटात जाऊ शकणारा मासा डब्यात भरणाऱ्या कारखान्याच्या भावाने जातो. आमच्यासारख्या बोटीच्या खणात साधा बर्फ फोडून टाकलेला असतो. त्यावर पंधरा दिवस काढून असा मासा आणायचा म्हणजे डिझेलही सुटत नाही. जवळ पापलेट, सुरमई मिळत असताना कुठला तांडेल (बोटीचा प्रमुख) हा जुगार खेळेल?

तरीही हे जमतं. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तुत्तूर परिसरातले मच्छीमार गळ घेऊन, महिनाभराच्या शिध्यानिशी गुजरातच्या समुद्रापर्यंत येतात. बोटी फार मोठ्या नाहीत. कसब त्यांच्या पोरांच्या हातात आहे. 2017 च्या ओखी वादळात त्यांच्यातले कितीतरी परतलेच नाहीत, कारण इतक्या दूर इशारा पोचेल अशी सोयच नव्हती.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 12 मैलांपलीकडच्या समुद्रासाठी नवे नियम काढले. सहकारी संस्थांना प्राधान्य, परदेशी बोटींना मज्जाव, प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीला बंदी. कागदावर चांगले आहेत. त्याच्या महिनाभर आधी मुंबईत माझगाव गोदीत सहकारी संस्थांना खोल समुद्राच्या बोटीही दिल्या. एकेक सव्वा कोटीच्या आसपासची. बोट मिळाली, आता गळाचं काम जाणणारे खलाशी आणि उतरवल्याबरोबर थंड ठेवणारं बंदर हवं. ट्रॉलिंगचा खलाशी जाळं ओढायला शिकलेला असतो, कुप्याचं रक्त काढायला नाही.