समुद्राखालच्या जागांची नोंद: वाचकांचे प्रश्न

जागा नोंदवण्याच्या छंदाविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे समुद्राखालच्या जागांविषयी आहेत. या छंदात एखाद्या प्रकारच्या जागा, मग त्या जुन्या विहिरी असोत, किल्ले असोत किंवा स्कूबा डायव्हिंगची ठिकाणे, अक्षांश-रेखांश, वर्णन आणि छायाचित्रासह एका सामाईक सूचीत नोंदवल्या जातात आणि इतर सभासद तेथे जाऊन आपल्या भेटीची भर घालतात. नागपूरकरांना कोणताच समुद्र जवळ नाही. तरीही सुटीत मालवण, तारकर्ली, गोवा किंवा मुरुडेश्वरला जाऊन आलेल्यांनी इतक्या आस्थेने विचारले आहे, की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आम्ही बुडी मारली. होडीत बसून मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश माझ्याकडे आहेत. तेच नोंदीत द्यावेत, की जीपीएस असलेले घड्याळ घालून पाण्याखाली जाऊन पुन्हा मोजावे? — एक वाचक, धरमपेठ

घड्याळाचा पाण्याखाली उपयोग होणार नाही. जीपीएसच्या उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरून जातात. काही घड्याळे बुडीपूर्वीचे आणि वर आल्यानंतरचे स्थान टिपतात, परंतु ती दोन्ही स्थाने पृष्ठभागावरचीच असतात आणि मधल्या वेळात प्रवाहाने आपल्याला कोठे नेले हे त्यांवरून कळत नाही.

होडीतले मोजमाप उपयोगी आहे, मात्र ते होडीचे आहे, खडकाचे नव्हे. दहा मीटर पाण्यात नांगर टाकताना दोर त्याच्या कितीतरी पट सोडावा लागतो, त्यामुळे वारा आणि प्रवाह बदलेल तशी होडी नांगराभोवती फिरत राहते आणि आपण सकाळी व दुपारी घेतलेल्या आकड्यांत तीस-चाळीस मीटरांचा फरक सहज पडतो. पाण्याची नितळता बेताची असेल तर तेवढ्या अंतरावरून खडक दिसतही नाही. म्हणून त्या ठिकाणी कायमचा बोया (तळाशी बांधलेली तरंगती खूण) असेल, तर होडी त्याला लागून उभी असताना मोजमाप घ्यावे आणि ‘हे स्थान बोयाचे आहे’ असे नोंदीत स्पष्ट लिहावे. दुसरी पद्धत अधिक कष्टाची, पण मला अधिक पसंत आहे. जलरोधक पिशवीतला जीपीएस एका तरंगत्या बोयाला बांधून प्रशिक्षक तो बोया सोबत ओढत नेतात, वर सगळ्या मार्गाची वेळेसह नोंद होत राहते आणि खाली काढलेल्या छायाचित्राची वेळ त्या मार्गाशी जुळवली की ती जागा मिळते. यासाठी निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे लागते. हे सर्व प्रशिक्षक आणि होडीचा तांडेल यांच्या संमतीनेच करावे.

आता आकडे लिहिण्याविषयी. सर्वांत मोठी चूक येथेच होते. १६ अंश ०२.५ मिनिटे हा अक्षांश कोणी घाईने १६.०२५ अंश असा लिहिला, तर ती जागा सुमारे १.८५ किलोमीटर दक्षिणेला सरकते, कारण १६ अंश ०२.५ मिनिटे म्हणजे १६.०४१६७ अंश. यंत्र कोणत्या पद्धतीने आकडे दाखवते ते आधी पाहावे आणि नोंदीत एकच पद्धत ठेवावी. दशांश अंशांत लिहीत असाल तर दशांशचिन्हानंतर पाच आकडे पुरेत. पाचव्या स्थानावरचा एक म्हणजे जमिनीवरचा सुमारे १.१ मीटर, आणि मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाइलची अचूकता तीन ते पाच मीटरच असते. मोबाइल सात आकडे दाखवतो म्हणून सातही लिहिले, तर वाचणाऱ्याचा नसलेल्या अचूकतेवर विश्वास बसतो. जुन्या सागरी नकाशावरून स्थान घेतले असेल, तर त्या नकाशाचा पाया डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरते तीच मोजणीपद्धत, आहे का ते तपासावे. पाया वेगळा असेल तर शंभर मीटरांहून अधिक फरक पडू शकतो.

एकाच ठिकाणाची खोली आमच्या प्रशिक्षकांनी आठ मीटर सांगितली आणि सूचीतल्या जुन्या नोंदीत ती दहा मीटर आहे. कोणती खरी मानावी? — एक वाचक, मनीषनगर

दोन्ही खऱ्या असू शकतात. डायव्ह कॉम्प्युटर पाण्याचा दाब मोजून त्यावरून खोली काढतो आणि भरतीच्या वेळी त्याच खडकावर अधिक पाणी असते. कोकण किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मीटरांत मोजावा लागतो, आणि इतक्या उथळ जागी तो किरकोळ नसतो. सागरी नकाशातली खोली तर नीचतम ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजलेली असते, त्यामुळे ती आपल्या आकड्याहून सहसा कमीच दिसते. शिवाय जुन्या नोंदीतला आकडा वाळूच्या तळाचा आणि आपला खडकाच्या माथ्याचा असेल, तर तुलनाच चुकीची होते. तेव्हा जुना आकडा खोडू नका. आपला आकडा तारीख, वेळ, माथा की तळ आणि तो स्वतः यंत्रावर पाहिला की ऐकला, या तपशिलांसह शेजारी लिहा. तारीख आणि वेळ असली की भरतीचे कोष्टक काढून कोणालाही दोन्ही आकडे एका पातळीवर आणता येतात.

हा आग्रह केवळ टापटिपीसाठी नाही. प्रशिक्षकाचा हात धरून मारलेल्या पहिल्या बुडीला १२ मीटर, प्राथमिक प्रमाणपत्रधारकाला १८ मीटर, पुढच्या प्रशिक्षणानंतर ३० मीटर आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा म्हणून ४० मीटर इतकी खोली साधारणपणे मानली जाते. नोंद वाचून कोणीतरी आपल्या मुलीला तेथे न्यायचे की नाही हे ठरवणार असते. नितळतेचेही असेच आहे. ‘पाणी स्वच्छ असते’ असे न लिहिता, अमुक तारखेला किती मीटरपर्यंत दिसले ते लिहावे. रंगांविषयी लिहिताना मात्र जपावे, कारण लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि आपल्याला राखाडी दिसलेले प्रवाळ टॉर्चच्या उजेडात तांबडे निघू शकते.

मी अजून समुद्रात उतरलो नाही, पण नकाशांचा अभ्यास आहे. आंग्रिया बँकची नोंद नागपुरात बसून करू का? — एक वाचक, महाल

नवी नोंद करू नये. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आणि कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बुडालेल्या पठाराचा सर्वांत उथळ माथाही सुमारे २० मीटर खोल आहे, म्हणजे तो प्राथमिक प्रमाणपत्राच्या मर्यादेपलीकडे जातो. भोवती उघडा समुद्र आहे. नकाशावरून उचललेला बिंदू पाहून कोणी तेथे जाण्याचा बेत आखला, तर त्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावरही येते. पण आपल्यासारख्या माणसाची सूचीला फार गरज आहे. एकाच खडकाला डायव्हिंगवाल्यांनी एक नाव दिलेले असते आणि मच्छीमार त्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच नावाने ओळखतात, त्यामुळे दोन-तीन नोंदी तयार होतात. अशा नोंदी शोधून संबंधितांना पत्र लिहावे आणि एकत्रित नोंदीत मच्छीमारांचे नाव आधी ठेवावे, असे मला वाटते. अंश-मिनिटांच्या चुका हुडकणे हेही घरबसल्या होणारे मोलाचे काम आहे. समुद्रातली जागा जमिनीवर दाखवणारी नोंद लगेच सापडते.

अंबाझरी किंवा फुटाळा तलाव या सूचीत घालता येईल का? — एक वाचक, सीताबर्डी

नाही. तेथे हौशी डायव्हिंगची परवानगीही नाही आणि सोयही नाही. सूचीत नाव आले की कोणीतरी प्रयत्न करून पाहील. त्यातच किती खोलीवर किती वेळ राहावे हे सांगणारे हौशी डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीपर्यंतच्या पाण्यासाठी असतात आणि नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून हा मुद्दा परतीच्या प्रवासातही येतो. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानाने जाऊ नये, असे सांगितले जाते. घाट चढून मोटारीने परतायचे असेल, तरी निघण्याची वेळ प्रशिक्षकांना विचारून ठरवावी. समुद्राकाठच्या प्रत्येक नोंदीत ही सूचना असावी, कारण ती वाचणारे बहुतेक दुरूनच आलेले असतात.

प्रशिक्षकांनी आम्हाला एका कपारीतला समुद्रघोडा दाखवला. मला ती जागा अचूक नोंदवायची आहे. घरात मात्र मतभेद आहेत. — एक वाचक, प्रतापनगर

अचूक नोंदवू नका. माहिती सर्वांसाठी खुली असावी ही भावना मला मान्य आहे आणि याच भावनेवर हा छंद उभा आहे. अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी एक डबा लपवून, इतरांनी तो जीपीएसने शोधावा म्हणून त्याचे स्थान जगाला सांगून टाकले, तेथून पुढचे सारे घडले. परंतु डबा हलला तर दुसरा ठेवता येतो. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, आणि तरीही एका कपारीचा अचूक पत्ता मिळाला की तेथे येणाऱ्या प्रत्येकाचा हात, पायाला लावलेला फिन (पोहण्याचा पंखा) आणि होडीचा नांगर त्या कपारीवरच पडणार. जेथे कायमचा बोया नाही, तेथे नांगर प्रवाळातच रुततो.

अशा जागेचे आकडे दशांशचिन्हानंतर दोनच स्थानांपर्यंत द्यावेत. त्यामुळे जागा साधारण एक किलोमीटरच्या टापूत राहते. वर्णनात कपारीची ओळख पटेल अशी खूण लिहू नये आणि मोबाइलने काढलेले छायाचित्र टाकण्यापूर्वी त्यात दडलेली स्थानाची माहिती काढून टाकावी. ज्यांनी ती जागा दाखवली त्यांना विचारल्याशिवाय तर काहीच लिहू नये, कारण ती ओळख त्यांनी अनेक वर्षांत कमावलेली असते आणि त्यावर त्यांचे घर चालते. नोंद आधीच अचूक आकड्यांसह गेली असेल, तर ती नुसती दुरुस्त करून भागत नाही. जुनी आवृत्ती सूचीतल्या बदलांच्या इतिहासात राहते, म्हणून ती पूर्ण काढून टाकण्याची विनंती सूचीच्या व्यवस्थापकांना आजच करावी.