शेवट पटत नाही, तेव्हा

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून मला कथालेखनात करिअर करायचे आहे. माझ्या बहुतेक कथा अर्ध्यावर अडतात आणि ज्या पूर्ण होतात त्यांचा शेवट वाचणाऱ्यांना पटत नाही. माझ्यात प्रतिभा नाही, असे समजावे का?

उत्तर : तुम्ही प्रतिभेविषयी विचारले आहे, पुनर्लेखनाविषयी मात्र पत्रात एक शब्दही नाही, अडचण तिथेच असावी, असे मला वाटते.

शेवट पटत नाही असे वाचक म्हणतो, तेव्हा दोष बहुधा आधीच्या भागात असतो. पात्राला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते, हे सुरुवातीला ठरलेले नसेल, तर शेवटाने उत्तर तरी कशाचे द्यावे? म्हणून पूर्ण झालेला एक खर्डा घ्या आणि प्रत्येक प्रसंगात काय घडले व त्यामुळे काय बदलले, हे एकेका ओळीत लिहून काढा. मग लागोपाठच्या दोन ओळींमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का, ते पाहा. सगळीकडे ‘आणि मग’ एवढेच बसत असेल, तर कथेची नोंदवही झाली आहे.

समजा, नोकरी सुटल्याचे वडिलांपासून लपवणारी मुलगी तुमची नायिका आहे. ती मैत्रिणीला भेटते, आणि मग घरी येते, आणि मग वडिलांना सारे कळते. त्याऐवजी ती मैत्रिणीकडे उसने पैसे मागते, म्हणून मैत्रिणीला संशय येतो, पण तो घालवण्यासाठी मारलेली थापच वडिलांच्या कानावर जाते, असे घडले तर मधला एकही प्रसंग काढता येणार नाही. ज्या प्रसंगाने काहीच बदलत नाही, तो गाळावा किंवा दोन वाक्यांत आटोपावा. (आवडते वर्णन खोडताना हात जड होतो, हे मान्य.) योगायोगाने पात्र संकटात सापडले, तर वाचक ते चालवून घेतो, योगायोगानेच सुटले, तर नाही.

कथा अडली, की पात्राने घेतलेल्या शेवटच्या निर्णयापर्यंत मागे जा. तो त्याच्या स्वभावातून आला होता की तुमच्या सोयीसाठी, हे तपासा. भाषेवरचा हात सर्वांत शेवटी फिरवावा.

केवळ कथांवर उपजीविका फार थोड्यांची होते, त्यामुळे पदवी पूर्ण कराच. मात्र दोष शोधण्याची ही सवय संपादन आणि पटकथालेखन या कामांतही लागते. तूर्त एक अर्धवट कथा, वाईट का होईना, पूर्ण करा, दोन आठवडे बाजूला ठेवा आणि मग वरची यादी करायला बसा.