कोकणातला स्टुडिओ लावताना

महामारीनंतर आर्किटेक्चर कॉलेजचा स्टुडिओ (मुलं जिथे ड्रॉइंग आणि मॉडेल करतात तो वर्ग) नव्याने लावताय, तर टेबलांआधी खिडक्या बघा. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, सोबत झडही आणतो. मग जूनमध्ये त्या बाजूच्या खिडक्या बंद होतात आणि चाळीस मुलांचा श्वास आतच फिरत राहतो. साध्या स्प्लिट एसीने हे सुटत नाही, तो खोलीतलीच हवा गार करतो. खोल पडवी, लूव्हरच्या (तिरक्या पट्ट्यांच्या) खिडक्या, समोरच्या भिंतीत वर झरोके आणि वारा पडलेल्या दिवसांसाठी एक्झॉस्ट पंखा, एवढं हवंच. कार्बन डायऑक्साइड मीटर बसलेल्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवा, खिडकीपाशी नको (तिथे तो नेहमीच खूश असतो!). बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. आत १००० ओलांडलं की दारं उघडा.

ड्रॉइंगची ए१ शीट ८४१ बाय ५९४ मिलिमीटरची, तेव्हा टेबल १२०० बाय ७५० तरी हवं. स्प्रेचं काम पडवीतच. माउंटबोर्डाला (मॉडेलच्या जाड पुठ्ठ्याला) एकाच बाजूने कागद डकवला की दमटपणात तो वाकतो. दोन्ही बाजूंनी डकवा, वजनाखाली वाळवा.

ज्युरी, म्हणजे मुलांच्या कामाचं परीक्षण, ऑनलाइन ठेवा, मुंबई-पुण्याचे परीक्षक मिळतात. जांभ्याचा चिरा मात्र मुलांच्या हातातच द्यायला हवा.