तुऱ्याभोवतीचे ठिपके आणि मास्क

प्रश्न : राजारामपुरीत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. नवरदेवाचा फोटो कापून मागं रंकाळा लावतो, पण फेट्याच्या तुऱ्याजवळ जुन्या भिंतीचे ठिपके राहतात आणि ते अल्बम छापून आल्यावरच दिसतात. काय करू?

उत्तर : भाऊ, फोटोकडं बघत मास्क (फोटोचा कुठला भाग दिसणार आणि कुठला लपणार ते ठरवणारा काळा-पांढरा थर) दुरुस्त करत बसू नका, मास्कच उघडून बघा. फोटोशॉपमधे लेयर्स पॅनेलमधल्या मास्कच्या छोट्या चौकोनावर ऑल्ट दाबून क्लिक करा, मॅक असेल तर ऑप्शन, की अख्ख्या स्क्रीनवर नुसता काळा-पांढरा मास्क येतो आणि काळ्यात राहिलेले राखाडी ठिपके लगेच डोळ्यात भरतात. पांढरं म्हणजे दिसणार, काळं म्हणजे लपणार, मधलं राखाडी अर्धवट. तिथंच काळा ब्रश घेऊन ठिपके पुसा, एक्स दाबला की काळा-पांढरा रंग अदलाबदल होतो. परत तसंच क्लिक केलं की फोटो हजर.

तुऱ्यासाठी मात्र मला बॅकस्लॅशचं बटण जास्त आवडतं, कारण फोटोवरच मास्कचा लाल पडदा चढतो आणि कापडाची कड कुठं संपते ते दिसत असतानाच ब्रश फिरवता येतो. इथं ब्रश मऊ घ्या, तुऱ्याची कड कडक कापली की फोटो चिकटवल्यासारखा दिसतो, अल्बम बिघडतो. शिफ्ट दाबून क्लिक केलं तर मास्क तात्पुरता बंद होतो, मूळ फोटो तपासायला बरं पडतं. आणि ब्रश मारायच्या आधी मास्कच्या चौकोनाभोवती चौकट आहे ना ते बघा, नाहीतर रंग थेट नवरदेवाच्या तोंडावर!