आपला खासदार संसदेत काय करतो हे घरबसल्या कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की धुळे मतदारसंघाच्या खासदाराने लोकसभेत कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, काय बोलले, कुठल्या समितीत काय काम केलं हे साध्या माणसाला शोधता येतं का, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या "खासदारांच्या प्रगतिपुस्तकावर" किती विश्वास ठेवायचा.

शोधता येतं भाऊ, आणि एक पैसा लागत नाही. मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि कापूस आहे, अधिवेशन चालू असलं की रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर हेच उघडून बसतो, आणि सकाळी पारावर एक काका हमखास विचारतात, "आपला खासदार तठे काय बोलना ते सांग ना भो". त्यांना सांगायचं म्हणून वाचायला लागलो आणि आता ती सवयच झाली.

पहिलं प्रगतिपुस्तकाचं बोलतो. ते आकडे बहुतेक करून पीआरएस नावाच्या संस्थेच्या साईटवरून उचललेले असतात, ही संस्था २००५ पासून हे काम करते आणि चांगलं करते, हजेरी किती, चर्चेत किती वेळा भाग घेतला, प्रश्न किती, खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) विधेयकं किती, आणि बाजूला देशाची आणि राज्याची सरासरी. आकडे खरे असतात. पण हजेरी म्हणजे त्या दिवशी नोंद झाली एवढंच, नोंद करून माणूस दहा मिनिटांत निघून गेला की रात्री नऊपर्यंत बसला हे त्यात येत नाही. फण्या मोजून केळीचा भाव कोणी ठरवत नाही, वजन आणि माल बघतो, तसंच आहे हे.

दुसरं म्हणजे मंत्री. मंत्र्यांची हजेरी नोंदवत नाहीत, ते प्रश्न विचारत नाहीत, विभागांच्या स्थायी समित्यांत त्यांना घेत नाहीत. आमचा चोपडा रावेर मतदारसंघात येतो, रक्षाताई खडसे जून २०२४ पासून युवक कल्याण आणि क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री आहेत, त्यामुळे त्यांच्या नावापुढे आता प्रश्न दिसणारच नाहीत आणि आमच्याकडे लगेच मेसेज फिरतो की बघा, शून्य प्रश्न. हा अन्याय आहे, मग तुम्हाला त्यांचा पक्ष आवडो का न आवडो. त्यांचं काम बघायचं तर त्यांच्या खात्याने दिलेली उत्तरं वाचा, आणि २०१४ ते २०२४ या दोन टर्ममध्ये त्या साध्या सदस्य होत्या तेव्हाचे प्रश्न काढा.

आता मतदान. इथे बऱ्याच जणांची निराशा होते म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, अध्यक्ष विचारतात, बाजूचे "हो" म्हणतात, विरोधातले "नाही" म्हणतात, अध्यक्ष आवाजावरून निकाल सांगतात आणि संपलं. कोणाचं मत कुठे गेलं याची यादी राहत नाही. शेतकऱ्यांच्या डोळ्यासमोर २०२० चे तीन कृषी कायदे असतील, त्यातली दोन मोठी विधेयकं लोकसभेत १७ सप्टेंबरला आणि राज्यसभेत २० सप्टेंबरला आवाजी मतदानानेच झाली, राज्यसभेत विरोधक मतविभाजन, म्हणजे एकेकाचं मत मोजून मतदान, मागत होते ते मिळालं नाही, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेतले ते पण चर्चा न होता, आवाजीनेच. एवढा मोठा विषय, दिल्लीच्या सीमेवर वर्षभर माणसं बसलेली, आणि आज मी कापूस उत्पादक म्हणून शोधायला गेलो की माझ्या खासदाराचं मत काय पडलं तर नावासकट कागद नाही. मला हे फार लागतं. एवढ्या मोठ्या कायद्यावर नावं नोंदवूनच मतदान झालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मतविभाजन झालं तर मात्र नावं मिळतात. घटनादुरुस्तीला ते करावंच लागतं, म्हणून २० सप्टेंबर २०२३ चं महिला आरक्षण ४५४ विरुद्ध २ हे नावानिशी आहे. वक्फ सुधारणा विधेयक, तुमच्या मतदारसंघात मालेगाव येतं म्हणून मुद्दाम हे उदाहरण घेतो, लोकसभेत २ एप्रिल २०२५ ला चर्चा सुरू झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर २८८ विरुद्ध २३२ असं मतदान झालं, त्याची यादी त्या बैठकीच्या कामकाजाच्या शब्दशः नोंदीत आहे. संसदेच्या sansad.in या साईटवर लोकसभेच्या भागात जा, चर्चा म्हणून विभाग आहे, तारीख निवडा, फाईल उघडा आणि विधेयक पास होतं त्या पानांपर्यंत खाली या. खालची बारीक टीप वाचल्याशिवाय मात्र थांबू नका, कारण बटण नीट दाबलं गेलं नाही किंवा चुकलं म्हणून चिठ्ठीवर मत दिलेल्यांची नावं तिथे असतात, डिसेंबर २०२४ मध्ये "एक देश एक निवडणूक"चं विधेयक मांडताना चिठ्ठ्या धरून आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला होता. आणि यादीत नाव नसलं तर तो माणूस गैरहजर का होता हे यादी सांगत नाही, आजारी असेल, दौऱ्यावर असेल, मुद्दाम टाळलं असेल.

त्यात परत व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं की खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे मत बघून तुम्हाला पक्ष कळतो, माणूस फार थोडा कळतो. माणूस कळायचा असेल तर प्रश्न आणि समित्या.

प्रश्नांवर मी जास्त वेळ घालवतो. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत लागतात, त्यांची उत्तरं मंत्री सभागृहात उभं राहून देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित २३० असतात त्यांची फक्त लेखी उत्तरं येतात. प्रश्न लागणं हे बॅलटवर आहे, म्हणजे चिठ्ठी निघावी लागते, त्यामुळे तारांकित कमी दिसले म्हणून लगेच नाव ठेवू नका. तारांकित लागला असेल तर तेव्हा त्यांनी उपप्रश्न काय विचारला हे त्या दिवशीच्या चर्चेत बघा, कागदावरचा प्रश्न कार्यालयातला कोणीही लिहून देऊ शकतो, उपप्रश्न उभ्या उभ्या विचारावा लागतो आणि विषय माहीत आहे की नाही ते तिथे दिसतं.

अतारांकितमध्ये एकाच प्रश्नावर चार-पाच खासदारांची नावं असतात हेही बघाल, सगळ्यांच्या खात्यात एकेक प्रश्न जमा होतो आणि आकडा फुगतो. म्हणून प्रश्न उघडा आणि आपल्या भागाचं नाव त्यात आहे का बघा. नंदुरबारच्या खासदाराने सिकलसेलवर, वनहक्कावर, सरदार सरोवराच्या विस्थापितांवर काय विचारलं हे मला दीडशे सर्वसाधारण प्रश्नांपेक्षा मोलाचं वाटतं. शोधताना खातं नीट निवडा. कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हे वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे येतं, कृषी खात्यात शोधत बसलात तर खरेदी केंद्राचा प्रश्न सापडायचा नाही. फळपीक विमा कृषीकडे. रस्त्याचं बघायचं तर आधी तो राष्ट्रीय महामार्ग आहे का ते बघा, नसेल तर विषय राज्याचा आणि हिशोब आमदाराकडे मागायचा.

उत्तर पण शेवटपर्यंत वाचा. "माहिती गोळा करत आहोत, सभागृहाच्या पटलावर ठेवू" असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. इथे खासदाराने पुढच्या अधिवेशनात तोच विषय परत काढला का, हे बघणं म्हणजे माझ्या मते खरी परीक्षा. आणि ही उत्तरं आपल्या पण कामाची आहेत बरं का. पीक विम्याची भरपाई द्यायला कंपनीने मुदतीपेक्षा उशीर केला तर १२ टक्के व्याज द्यायचं हे योजनेच्या नियमात आहे आणि संसदेतल्या उत्तरांत ते छापील मिळतं. आमच्याकडे कापसाचे विम्याचे पैसे रखडले तेव्हा आम्ही चार जणांनी त्या उत्तराची प्रिंट काढली आणि अर्जाला जोडून दिली, आधी तोंडी बोलून परत पाठवणाऱ्यांनी मग अर्ज घेऊन पोच दिली.

प्रश्नांच्या बाबतीत आपल्या खानदेशाने डोळे उघडे ठेवायला आणखी एक कारण आहे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतल्याच्या स्टिंगमध्ये ११ खासदारांना संसदेतून काढलं, त्यातले दोन आपले होते, एक जळगावचे आणि एक तेव्हाच्या एरंडोल मतदारसंघाचे. नवीन पोरांना हे माहीतच नाही. प्रश्नांच्या संख्येवर टाळ्या वाजवायच्या आधी प्रश्न कोणाच्या फायद्याचा आहे हे वाचायचं ते एवढ्यासाठी.

भाषणांचं थोडक्यात. शून्य प्रहरात आणि नियम ३७७ खाली थोडक्यात मांडलेले आपल्या भागाचे किंवा तातडीचे मुद्दे पण बहुतेक आकडेवारीत चर्चा म्हणूनच मोजले जातात, एक मिनिटाची मागणी आणि वीस मिनिटांचं विधेयकावरचं भाषण दोन्ही एकच. शब्दशः नोंदीत फुलीची खूण करून "भाषण पटलावर ठेवलं" असं लिहिलेलं असलं तर ते बोललेलं नाही, लिहून दिलेलं आहे. मराठीत बोलले असतील तर तिथे भाषांतर छापतात, मूळ ऐकायचं तर संसद टीव्हीचं यूट्यूब आहे.

याचा सगळ्यात चांगला उपयोग श्रेयाच्या बॅनरवर होतो. मनमाड-इंदूर रेल्वेला २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, मालेगाव-धुळे-शिरपूर मार्गे. मग चौकाचौकात सगळ्यांच्याच पाठपुराव्याला यश आलं. तुम्ही एक करा, मनमाड इंदूर हे शब्द टाकून जुन्या लोकसभांच्या चर्चा आणि प्रश्न शोधा, संसदेच्या डिजिटल लायब्ररीत पहिल्या लोकसभेपासूनचं आहे, कोणी कोणत्या वर्षी उभं राहून मागितलं ते समोर येतं, कुठल्या का पक्षाचा असेना. ज्याने खरंच मागितलंय त्याला श्रेय द्यायला आपला हात आखडू नये.

समित्या हा भाग कोणी बघत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विभागांच्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो म्हणून भाषणबाजी कमी आणि सचिवांना प्रश्न जास्त. कोण काय बोललं ते बाहेर येत नाही, पण समितीचा अहवाल निघाला की त्याला शेवटी बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात हजर सदस्यांची नावं असतात. एका समितीचे वर्षभराचे अहवाल काढा, मागची पानं बघा, कोण किती बैठकांना होतं ते वहीवर मांडा, हे मी अजून कुठल्या प्रगतिपुस्तकात बघितलेलं नाही. सदस्याचं मत वेगळं असलं तर त्याची भिन्नमत टिपणी पण तिथेच असते. शिफारशींचं काय झालं ते बघायला नंतरचा कार्यवाही अहवाल. उदाहरण म्हणून कृषीच्या स्थायी समितीचा डिसेंबर २०२४ चा अहवाल वाचा, पीएम किसानचे ६,००० चे १२,००० करा आणि हमीभावाला कायद्याचा आधार द्या असं त्यात लिहिलंय, आणि त्या समितीत सगळ्या पक्षांचे लोक आहेत. एवढी मोठी गोष्ट आमच्याकडच्या बाजार समितीत विचारलं तर दहातल्या एकालाही माहीत नव्हती.

आता तुमच्यापुरतं. तुमच्या खासदार डॉ. शोभा बच्छाव २०२४ ला पहिल्यांदा लोकसभेत गेल्या, म्हणजे वाचायचं ढीगभर नाहीये, दोन-तीन रविवारात होईल. सदस्यांच्या यादीत नावं आडनावाने लावलेली असतात, तिथून त्यांच्या पानावर जा, तिथेच प्रश्न, चर्चा आणि समित्या सापडतात, कुठल्या समितीत आहेत ते आत्ताचं बघा कारण स्थायी समित्या दरवर्षी नव्याने बनतात. आधीच्या खासदारांशी तुलना करणार असाल तर डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते हे लक्षात ठेवा, ती वर्षं सोडून मोजा, नाहीतर हिशोब चुकेल. आणि प्रश्नांची सुरुवात दुसऱ्या सत्रापासून करा, २२ जुलै २०२४ पासून, कारण जून-जुलै २०२४ चं पहिलं सत्र शपथा, अध्यक्षांची निवड आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरची चर्चा यात गेलं, प्रश्नोत्तराचा तास त्यात नव्हताच, तिथे कोणाच्याही नावापुढे एकही प्रश्न दिसणार नाही.